थीम पार्कचा पडद्यामागचा कारभार समोर उभे राहून कसा वाचावा

माझी सारी नोकरी कारखान्यात उत्पादनाचे नियोजन करण्यात गेली, त्यामुळे फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरची मंडळी तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कातल्या किल्ल्यापुढे फोटो काढत होती आणि मी मात्र बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरच्या स्टेशनात दोन गाड्या सुटण्यामधले सेकंद मोजत उभा होतो. एवढा अफाट पसारा रोज सकाळी उघडतो, दिवसभर हजारो माणसे पोटात घेतो आणि रात्री रिकामा होतो, तो कशाच्या बळावर, हे मला पाहायचे होते. मोठ्या पार्कांची आतली दारे पाहुण्यांसाठी बंद असतात हे खरे. पण आत काय चालले आहे याच्या खुणा बाहेर जागोजागी दिसत असतात आणि त्या कुठे शोधायच्या एवढे कळले की पुष्कळसा कारभार समोरूनच वाचता येतो. त्यासाठी लागते ते सेकंद दाखवणारे घड्याळ, एक छोटी वही आणि रांगेत उभे राहण्याची तयारी. यातली शेवटची गोष्ट तिकिटाबरोबर आपोआपच मिळते.

आधी जमीन पाहावी

मॅजिक किंगडममध्ये शिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपण ज्या रस्त्यावरून किल्ल्याकडे चालत जातो तो रस्ता वस्तुतः पहिल्या मजल्यावर आहे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. तिथे काउबॉयच्या वेशातला एक कर्मचारी भविष्यकाळाच्या विभागातून आपल्या कामाच्या जागी जाताना वॉल्ट डिस्ने यांना दिसला आणि ते दृश्य त्यांना फार खटकले, अशी हकीकत नेहमी सांगितली जाते. ऐतिहासिक नाटकात दरबाराचा प्रवेश रंगात आलेला असताना मागून पँट-शर्टातला माणूस चहाची किटली घेऊन निघून जावा, तशातलाच हा प्रकार. फ्लोरिडात नवे पार्क बांधायचे ठरले तेव्हा कर्मचाऱ्यांची, मालाची आणि कचऱ्याची ये-जा पाहुण्यांच्या पायाखालून व्हावी असे ठरले. मात्र तिथली जमीन दलदलीची, थोडे खणले की पाणी लागणारी. म्हणून बोगदे खणण्याऐवजी ते जमिनीच्या पातळीवर बांधले गेले, शेजारचे सेव्हन सीज लगून हे सरोवर खोदताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि त्या भरावावर पार्क उभे राहिले. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले. काम त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी पुरे करून घेतले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी पार्क उघडले.

या तळमजल्याला तिथे ‘युटिलिडोर’ म्हणतात आणि त्याचा विस्तार सुमारे ९ एकर आहे. कर्मचाऱ्यांचे कॅन्टीन, गोदामे, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या, कचऱ्याच्या नळ्या, कार्यालये आणि बॅटरीवर धावणाऱ्या मालगाड्या असे सगळे त्यात मावलेले आहे. आपण कोणत्या विभागाखाली आहोत हे कळावे म्हणून भिंतींना विभागवार रंगांच्या खुणा आहेत. पाहुण्यांनी हे पाहण्याचा एक अधिकृत मार्ग आहे. ‘कीज टू द किंगडम’ नावाची, काही तासांची सशुल्क पायी सहल असते, तिला १६ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत आणि खाली फोटो काढू देत नाहीत. ज्याला या विषयाची खरी ओढ आहे त्याने एका दिवसाची राइडची हौस मागे ठेवून ही सहल करावी, असे माझे मत आहे.

सहल न करताही बरेच कळते. एखाद्या विभागाच्या तोंडाशी दहा-पंधरा मिनिटे बाकावर बसावे आणि कर्मचारी नेमके कुठून उगवतात आणि कुठे नाहीसे होतात ते पाहावे. नाव नसलेले एखादे दार, दोन दुकानांच्या मधली बोळकांडी, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ एवढाच मजकूर असलेले लाकडी फाटक, ही सगळी विंगेत उघडणारी दारे होत. ती डोळ्यांत भरत नाहीत याचे कारण रंग. पाहुण्यांनी पाहू नयेत अशा भिंती, कुंपणे, विजेच्या पेट्या यांना झाडीत मिसळून जाणारा एक मळकट हिरवा-करडा रंग दिलेला असतो आणि त्या रंगाला तिथले लोक गमतीने ‘गो अवे ग्रीन’ म्हणतात, म्हणजे ‘नजरेआड हो’ असे सांगणारा हिरवा. एकदा तो रंग ओळखू आला की पार्कभर तोच दिसू लागतो, आणि तो जिथे सलग लांबवर दिसेल तिथे पलीकडे काहीतरी चालू आहे असे समजायला हरकत नाही.

इतर पार्कांत मात्र युटिलिडोर शोधत बसू नये. १९८२ मध्ये उघडलेल्या एपकॉटमध्ये त्याचा छोटासा तुकडाच आहे. १९९८ च्या ॲनिमल किंगडमसारख्या नंतरच्या पार्कांनी जमिनीवरून फिरणारा, पार्कला बाहेरून वेढणारा सेवारस्ता पसंत केला. मधे पाहुणे, कडेने इमारतींच्या पाठी आणि त्यांच्या मागे ट्रकचा रस्ता, हीच रचना जगभर रूढ आहे. अशा पार्कात दुकानाच्या किंवा उपाहारगृहाच्या पुढच्या दाराकडे न पाहता त्याची पाठ कोणत्या बाजूला येते याचा अंदाज घ्यावा. माल, कामगार आणि रुग्णवाहिका तिकडूनच येतात.

नाटकाची भाषा शिकून घ्यावी

डिस्नेच्या पार्कांत कर्मचाऱ्याला कर्मचारी म्हणत नाहीत, ‘कास्ट मेंबर’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नटसंचातला माणूस. ग्राहक हा ‘गेस्ट’, पाहुण्यांच्या नजरेच्या टप्प्यातली जागा ‘ऑनस्टेज’ आणि बाकीची ‘बॅकस्टेज’. हे शब्द निव्वळ शोभेचे आहेत असे मला आधी वाटत असे. पण त्यांचा उपयोग असा की रंगमंचावर कोण कोणत्या वेशात, किती वेळ आणि कोणत्या कामासाठी असेल याचा नियम त्यांतून आपोआप तयार होतो. दिशा दाखवताना एक बोट न रोखता दोन बोटांनी किंवा अख्ख्या हाताने दाखवावी, हादेखील त्याच नियमांपैकी एक.

यांच्या प्राधान्यक्रमात सुरक्षितता पहिली, मग सौजन्य, मग प्रयोग आणि शेवटी कार्यक्षमता असा क्रम वर्षानुवर्षे शिकवला जात होता. २०२० मध्ये त्यात समावेशकतेची भर पडली. निरीक्षण करणाऱ्याने हा क्रम पाठ ठेवावा, कारण एखादा निर्णय विचित्र वाटला तर त्याचे उत्तर बहुधा त्यात सापडते. भर गर्दीत राइड थांबवून एका मुलाची उंची पुन्हा मोजली जाते तेव्हा तासाचा हिशोब बिघडतो. पण कार्यक्षमता त्या यादीत सर्वांत खाली आहे.

सेकंद मोजावेत

आता मुख्य गोष्टीकडे येतो. राइड कितीही चित्तथरारक असो, चालवणाऱ्याच्या दृष्टीने तिचा एकच आकडा महत्त्वाचा असतो: तासाला किती माणसे. तो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. बिग थंडरची एक गाडी मी पाहिली तेव्हा पाच डब्यांची होती. प्रत्येक डब्यात तीन ओळी आणि ओळीत दोघे, म्हणजे ३० माणसे. गाडी सुटल्यापासून पुढची गाडी सुटेपर्यंतचा वेळ दहा वेळा मोजावा आणि सरासरी काढावी. समजा ती ४५ सेकंद आली, तर तासाला ८० गाड्या आणि २,४०० माणसे होतात. तीच ६० सेकंद झाली तर ६० गाड्या आणि १,८०० माणसे. केवळ १५ सेकंदांच्या दिरंगाईने तासाला ६०० माणसांचा फरक पडला, आणि ही ६०० माणसे कुठे जात नाहीत, ती रांगेतच उभी राहतात.

हे १५ सेकंद नेमके कुठे जातात, हे पाहण्यासाठी स्टेशनात रेलिंगला टेकून एक पूर्ण फेरी पाहावी. फाटके उघडतात, माणसे चढतात. एक बाई टोपी कुठे ठेवावी म्हणून थांबतात. एका वडिलांना मुलाशेजारीच बसायचे असते म्हणून ते ओळ बदलतात. मांडीवरचा दांडा खाली येतो. मग दोन्ही बाजूंचे कर्मचारी प्रत्येक ओळीपाशी जाऊन तो दांडा हाताने दाबून पाहतात, नुसत्या नजरेने नव्हे, आणि शेवटच्या डब्यापाशी पोचले की अंगठा वर करतात. नियंत्रण मंचावरचा माणूस हे अंगठे पाहिल्याशिवाय गाडी सोडत नाही; कित्येक कोस्टरवर तर दोन वेगवेगळ्या जागी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच वेळी बटण दाबून ठेवल्याखेरीज गाडी हलतच नाही. अनुभवी चमू आणि नवखा चमू यांतला फरक दांडा तपासण्याच्या वेगात फारसा नसतो, तो असतो माणसांना चढवण्यात. फाटक उघडण्यापूर्वीच पिशव्या, टोप्या, लहान मुले यांचा निकाल ज्याने लावलेला आहे, त्याची गाडी वेळेवर सुटते.

गाडी लवकर सोडून भागत नाही, कारण पुढचा रस्ता मोकळा असावा लागतो. कोस्टरचा मार्ग खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा खंड रिकामा झाल्याचा संकेत मिळाल्याखेरीज मागची गाडी ब्रेकमधून सुटत नाही. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही: दादरला पुढची गाडी हलली नाही की आपली गाडी बाहेर सिग्नलला उभी राहते, तेच तत्त्व इथे आहे. म्हणून स्टेशनच्या अलीकडे, परत येणारी गाडी जिथे थांबते तिकडे पाहावे. तिथे भरलेली गाडी प्रत्येक वेळी ताटकळत असेल तर अडचण स्टेशनातल्या चढउतारीची आहे. उलट स्टेशनातली गाडी भरून तयार असूनही सुटत नसेल तर मार्गावर गाड्या जास्त आहेत किंवा पुढे कुठेतरी वेग मंदावला आहे. कारखान्यात अडलेले यंत्र शोधतो तसाच हा शोध.

रिकाम्या जागांचाही हिशोब ठेवावा. चढण्यापूर्वी ‘किती जण?’ असे विचारून ओळींचे आकडे वाटणारा एक कर्मचारी असतो. मला तो साऱ्या राइडमधला सर्वांत हुशार माणूस वाटतो. तीन जणांचे कुटुंब दोन-दोनच्या ओळींत बसले की एक जागा वाया जाते. प्रत्येक गाडीत तीन जागा अशा रिकाम्या गेल्या तर वरच्या उदाहरणातले २,४०० माणसांचे गणित २,१६० वर येते. म्हणूनच काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग ठेवतात. ती पाहुण्यांची सोय म्हणून सांगितली जाते, पण तिचा खरा उपयोग जागा भरण्यासाठी आहे.

सगळ्याच राइड अशा सुटत्या-थांबत्या गाड्यांच्या नसतात. पार्कच्या पहिल्या दिवसापासून चालू असलेल्या हाँटेड मॅन्शनमध्ये काळ्या खुर्च्यांची अखंड साखळी फिरत राहते आणि पाहुणे त्याच वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यावरून तिच्यात बसतात. तिथे सुटण्याचा क्षणच नाही, त्यामुळे दिरंगाईही नाही. मात्र चालण्याला त्रास असलेल्या एखाद्या व्यक्तीला बसवायचे झाले तर साखळी मंद करावी किंवा थांबवावी लागते आणि आत बसलेले सगळे एकदम थांबतात. त्या वेळी आत घोषणा होते की खोडकर भुतांनी तुमच्या फेरीत व्यत्यय आणला आहे, तेव्हा बसून राहावे. तांत्रिक थांबा कथेतच गुंडाळून टाकण्याची ही युक्ती मला फार आवडली. त्याच राइडच्या सुरुवातीला भिंती ताणल्यासारख्या उंच होणारी एक खोली लागते. कॅलिफोर्नियात ती खोली म्हणजे खरोखरची लिफ्ट आहे, कारण तिथे पाहुण्यांना आगगाडीच्या रुळांखालून पलीकडे न्यायचे होते. फ्लोरिडात तशी गरज नव्हती, तरी छत वर जाईल अशी खोली बांधली गेली. गर्दीचे ठरावीक गठ्ठे करून पुढे सोडण्याचे काम तिथेही ती करतेच.

रांग आणि पास

राइडची क्षमता कळली की रांगेचा अंदाज सोपा होतो: आपल्या पुढे किती माणसे आहेत याला तासाच्या आकड्याने भागावे. पण इथेच पहिल्यांदा जाणाऱ्याची फसगत होते, कारण स्टेशनात येणाऱ्या रांगा दोन असतात. १९९९ मध्ये डिस्नेने वेगळ्या, छोट्या रांगेतून नेणारा फास्टपास आणला, त्याच्या जागी २०२१ मध्ये पैसे मोजून घ्यायची लाइटनिंग लेन आली. नाव आणि किंमत बदलत राहिली तरी यंत्रणा तीच. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो, आणि तो पासवाल्यांचे किती आणि साध्या रांगेतले किती सोडतो हे दहा मिनिटे मोजावे. समजा राइडची क्षमता तासाला २,००० आहे आणि त्यांतले १,४०० पासवाले गेले, तर साध्या रांगेला उरतात ६००. म्हणजे पुढे ३०० माणसे असली की अर्धा तास लागणार, नऊ मिनिटे नव्हेत. मोठ्या देवस्थानांच्या दर्शनबारीत उभे राहून शेजारून सशुल्क पासाची रांग सरसर पुढे जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गणित पूर्वीच कळलेले असते.

रांगेच्या तोंडाशी लावलेला वेळ कुठून येतो, हेही पाहण्यासारखे आहे. कधीकधी रांगेत शिरताना कर्मचारी एखाद्या पाहुण्याच्या हाती गळ्यात घालायच्या पट्टीचे लाल कार्ड देतो आणि राइडपाशी ते परत द्यायला सांगतो. शिरताना आणि पोचल्यावर कार्ड यंत्राला लावले की प्रत्यक्ष लागलेला वेळ नोंदला जातो. आपल्याला असे कार्ड मिळाले तर आपलेही घड्याळ लावावे आणि फलकावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. फलकावरचा वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त असतो, विशेषतः बंद होण्याच्या सुमारास, असा नेहमी जाणाऱ्यांचा अनुभव आहे आणि मलाही तो आला. यात लबाडी पाहायची की शहाणपण, हे ज्याने त्याने ठरवावे. चाळीस मिनिटे सांगून तिसाव्या मिनिटाला बसवले तर कोणी तक्रार करत नाही.

पार्कभरच्या रांगांवर एका जागेवरूनही लक्ष ठेवले जाते. किल्ल्याखाली असलेल्या नियंत्रण कक्षाविषयी न्यू यॉर्क टाइम्सने डिसेंबर २०१० मध्ये सविस्तर लिहिले होते: पडद्यांवर राइडची नावे हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत दिसतात, आणि एखादी पिवळी झाली की जादा होड्या सोडणे, रांगेत करमणुकीला एखादे पात्र पाठवणे, उपाहारगृहात आणखी गल्ले उघडणे किंवा गर्दी दुसऱ्या विभागाकडे वळवण्यासाठी छोटी मिरवणूक काढणे, असे उपाय योजले जातात. बाहेरून याचा पडताळा घ्यायचा तर दुपारच्या मोठ्या मिरवणुकीच्या वेळी मुद्दाम राइडकडे जावे. फ्रंटियरलँड या विभागाकडून निघून, दारापासून किल्ल्याकडे येणाऱ्या मेन स्ट्रीट या रस्त्याकडे जाणारी ही मिरवणूक हजारोंना रस्त्याच्या कडेला बसवून ठेवते आणि तेवढ्या वेळात त्या भागाबाहेरच्या रांगा आखडतात. मिरवणूक संपताच दोऱ्या सुटतात आणि तीच माणसे एकदम परततात. ती लाट पाच-दहा मिनिटांत जवळच्या राइडवर आदळते. मिरवणुकीमागून सुपल्या-झाडू घेऊन चालणाऱ्यांनाही पाहावे, त्यांच्या वेळेची शिस्त मिरवणुकीतल्या नर्तकांपेक्षा कमी नसते.

कर्मचाऱ्यांच्या जागा दिवसभर बदलत राहतात, तेही थोड्या वेळात लक्षात येते. एक जण येतो, उभ्या असलेल्याला एखादा शब्द बोलतो आणि त्याची जागा घेतो. सुटलेला माणूस पुढच्या जागी जाऊन तिथल्याला सोडवतो. पुढची जागा कोणती हे संगणक ठरवतो. एकाच बटणाकडे आठ तास पाहणाऱ्या माणसाचे लक्ष उडणारच, आणि फ्लोरिडाच्या उन्हात उघड्यावर आठ तास कोणी उभे राहू शकत नाही, अशी दोन्ही कारणे यामागे आहेत.

राइड बंद पडते तेव्हा

आपल्याकडच्या एका पार्कात माझ्या भाच्याला घेऊन मी चढावर अर्धा तास अडकलो होतो. तिथल्या कर्मचाऱ्यांनी काहीच सांगितले नाही, आणि भीती उंचीपेक्षा त्या न सांगण्याचीच जास्त वाटली. पुढे समजले की अशा थांब्यांपैकी बहुतेक वेळा काही मोडलेले नसते. एखादा सेन्सर अपेक्षेपेक्षा सेकंदभर उशिरा लागला, कोणाची टोपी रुळावर पडली, किंवा स्टेशनात उशीर झाल्याने मागच्या गाड्या खंडांच्या ब्रेकवर उभ्या राहिल्या, एवढ्यावर संगणक सगळे थांबवतो. तो तसा बनवलेलाच असतो: शंका आली की थांबायचे, आणि पुन्हा चालू करण्याचा निर्णय माणसाने घ्यायचा.

डिस्नेच्या पार्कांत राइड बंद पडली की आपसांत ‘१०१’ म्हणतात. हा आकडा कानावर आला तर रांगेतून लगेच पळून जाऊ नये. आधी गाड्यांकडे पाहावे. रिकाम्या गाड्या फिरू लागल्या असतील तर चाचणी चालू आहे आणि थोड्या वेळात माणसे बसवली जातील, अशी आशा धरता येते. कर्मचारी माणसांना मार्गावरच्या पायवाटेने चालवत उतरवू लागले, तर मात्र बराच वेळ लागणार असे समजावे. पावसाळ्याच्या दुपारी आणखी एक खूण उपयोगी पडते. फ्लोरिडात विजा फार पडतात, आणि वीज ठरावीक अंतराच्या आत आली की उघड्यावरच्या राइड थांबतात, डोक्यावर ऊन असले तरीही. म्हणून क्षितिजावर काळे ढग दिसताच छपराखालच्या राइडकडे वळावे.

देखभालीचे खरे काम पार्क बंद झाल्यावर रात्री होते. तंत्रज्ञ मार्गावरून चालत जाऊन बोल्ट, जोड आणि चाके पाहतात, आणि त्यांच्या सहीशिवाय सकाळी चालवणारा चमू राइड ताब्यात घेत नाही. ताब्यात घेतल्यावरही आधी रिकाम्या फेऱ्या होतात. गर्दी कमी असलेल्या महिन्यांत एकेक गाडी पूर्ण सुटी करून तपासतात, म्हणून तेव्हा कमी गाड्या धावताना दिसल्या तर ती काटकसरच असेल असे नाही. ज्यांना या बाबतीत सरकारचा भाग किती असा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी एक माहिती: फ्लोरिडाच्या कायद्यानुसार किमान १,००० कर्मचारी आणि स्वतःचे पूर्णवेळ निरीक्षक असलेल्या मोठ्या पार्कांना राज्याच्या नेहमीच्या तपासणीतून सूट आहे, ती स्वतःची तपासणी स्वतः करतात आणि गंभीर दुखापतींची माहिती दर तिमाहीला राज्याला कळवतात. ही व्यवस्था मला पुरेशी वाटत नाही, त्यांचे अंतर्गत निकष कितीही कडक असोत.

कचरा आणि डास

मॅजिक किंगडममधला कचरा पाहुण्यांमधून ढकलगाडीवर फारसा जाताना दिसत नाही. झाडूवाले डब्यातल्या पिशव्या मागच्या बाजूला नेऊन नळ्यांच्या तोंडांत टाकतात आणि हवेच्या दाबाने त्या पार्कच्या एका टोकापर्यंत ओढल्या जातात. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या या यंत्रणेत पिशव्यांचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास जातो. कमी कचरा व्हावा याचाही विचार आहे. पार्कातल्या दुकानांत च्युइंगगम मिळत नाही, आणि फरशीवर त्याचे काळे डाग का दिसत नाहीत याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

डासांचे तर नवलच. दलदलीत वसलेल्या या जागेत संध्याकाळी बाकावर बसून डास मोजून पाहावेत. हाती फारसे लागत नाही. १९६७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या साऱ्या जमिनीसाठी नगरपालिकेसारखे अधिकार असलेला एक जिल्हा निर्माण केला. रस्ते, अग्निशमन, पाणी, निचरा हे सगळे त्याच्याकडे आले, आणि २०२३ मध्ये राज्याने त्याचे नाव आणि नियामक मंडळ दोन्ही बदलले. पनामा कालव्याच्या प्रदेशाचे राज्यपाल राहिलेले जो पॉटर यांनी सुरुवातीला निचऱ्याचे कालवे आखले. पाणी साचू न देता वाहते ठेवणे हा डासांवरचा पहिला उपाय. त्यावर देखरेखीसाठी सापळे आणि कोंबड्या. डासांमार्फत पसरणाऱ्या काही विषाणूंनी कोंबडी आजारी पडत नाही, पण तिच्या रक्तात प्रतिपिंडे दिसतात. म्हणून ठिकठिकाणी पाळलेल्या कोंबड्यांचे रक्त तपासून धोका कुठे आहे हे कळते. उंदराच्या राज्यात पहारा कोंबड्यांचा, ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही.

शेवटचा तास

पार्क बंद होण्याच्या वेळेला जो रांगेत शिरला असेल त्याला राइड मिळते, हा नियम ध्यानात ठेवून शेवटच्या पाच मिनिटांत एखाद्या मोठ्या राइडच्या रांगेत शिरावे, आणि बाहेर पडल्यावर घाईने निघून जाऊ नये. आतिशबाजी संपताच बहुतेक गर्दी एकदम मेन स्ट्रीटवर उतरते. कधी ती विभागण्यासाठी दुकानांच्या मागचा एरवी बंद असलेला रस्ता उघडतात, आणि तो उघडा दिसला तर खुशाल त्यातून जावे, विंगेतून चालण्याची तेवढीच फुकट संधी. मेन स्ट्रीटवरची दुकाने पार्कनंतरही काही वेळ चालू असतात, त्यामुळे किल्ल्याकडे तोंड करून कठड्यावर बसायला कोणी हरकत घेत नाही. हळूहळू दूरच्या विभागांतून कर्मचारी सैल साखळी करून पुढे येताना दिसतात, प्रत्येक वळणावर मागे कोणी राहिले नाही ना हे पाहत. त्यांच्यामागे पाण्याचे पाइप बाहेर येतात आणि रस्ते धुवायला सुरुवात होते. आपल्या पायापर्यंत पाणी येईपर्यंत बसावे, मग उठून मोनोरेल किंवा फेरीबोट गाठावी. मोजणीचा सराव आधी घरच्या जवळ करायचा असेल तर खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात ‘नायट्रो’ या कोस्टरच्या फाटकापाशी घड्याळ लावावे, दहा गाड्यांची सरासरी काढायला तिथे फार वेळ लागत नाही.